उरलेलं औषध

"ताई, ही तुमची बाटली माझ्याकडे राहिली होती." बाळ गेल्यापासून कांचन आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

बाटलीत ते गुलाबी औषध अजून होतं. लेकीचा, मुक्ताचा ताप उतरताच शैलजाने ते अर्ध्यावर थांबवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. शेजारी कांचनचं बाळ तापलं, तेव्हा तेच पुढे केलं. "डॉक्टरकडे कशाला धावतेस? आमच्या मुक्ताला यानेच गुण आला."

बाळाचा ताप उतरल्यासारखा वाटला, पण आजार आतल्या आत वाढत गेला. "कुणाचं तरी अर्धवट अँटिबायोटिक देत बसलात, फार उशिरा आणलंत," हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी शैलजालाच बाजूला घेऊन सांगितलं. कांचन तेव्हा बाळाचे तळपाय चोळत होती. तिला हे सांगायला शैलजा रोज तिच्या दारापर्यंत जायची आणि माघारी फिरायची.

"तुम्ही सख्ख्या बहिणीसारखं केलंत," कांचन म्हणाली. "आमच्याच नशिबात नव्हता तो."

इतक्यात आतून मुक्ता खोकली.

"बघा," कांचनने बाटली तिच्या हातात ठेवली, "वेळेवर आणून दिली."