बिनपरवानगी मुक्काम

सासवडजवळच्या आपल्या दोन एकरांत टिपणीस पोचले, तेव्हा तिथे शंभरेक मेंढ्या, एक घोडी आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजणारी धनगरीण ठकूबाई होती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली ती जमीन. कुंपण अजून व्हायचं होतं.

त्यांनी गाडीतूनच वकिलाला फोन लावला. वकील म्हणाले, "आधी तोंडी सांगा. नाही ऐकलं तर पोलिसांत तक्रार, मग कोर्टातून मनाई."

टिपणीस खाली उतरले. "बाई, ही जागा खासगी आहे. विचारल्याशिवाय मुक्काम कसा केलात?"

"पडीक दिसलं म्हणून बसलो, सायेब. भाकऱ्या झाल्या की उठतो."

इतक्या सहज जिंकल्यामुळे टिपणीस थोडे हिरमुसले. तेवढ्यात बांधावरून शेजारचे ज्ञानू पिसाळ लगबगीने आले. "मावशी, उठवलं का यांनी? मग आमच्या रानात चला. दोन वर्षं बोलावतोय." मग टिपणिसांकडे वळून म्हणाले, "उपकार झाले तुमचे. मेंढ्या चार रात्री बसल्या की लेंडीखतानं रान सुधारतं. पुढं बाजरी कशी येते बघा."

टिपणिसांनी फोन खिशात टाकला. "मी उठा म्हटलंच नाही," ते घाईने म्हणाले. "नुसतं विचारलं. चार रात्री राहाल ना?"

ठकूबाईने एकदा पिसाळांकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. "आमच्या म्हाताऱ्याला विचारून सांगते. तोवर बसा."

टिपणीस आपल्याच जमिनीवर बसून होकाराची वाट बघू लागले.