त्या दिवसाचा पाऊस

पाऊस पडला की द्राक्षबागांमधलं औषध किती वाहून ओढ्यात उतरतं, याचं गणित शाल्मलीनं कॉम्प्युटरवर बसवलं होतं. सगळं जुळलं, पाण्याचा एक नमुना मात्र काही केल्या जुळेना. तो घेतला त्या दिवशी आभाळ कोरडं होतं, तरी ओढ्यात औषध सापडलं होतं.

म्हणून ती ओढ्याकाठच्या आप्पांच्या बागेत आली. "आप्पा, फवारणी झाली की पंप कुठं धुता?"

"वढ्यावर. घरात औषधाचा थेंब नगं. नातवंडं रांगत्यात," आप्पा अभिमानानं म्हणाले. ते लेकीला पाठवायला बेदाणे बांधत होते. तिचा नुकताच दुसऱ्यांदा गर्भ पडला होता, हे त्यांनी शाल्मली येताच सांगितलं होतं. पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांनी सहज विचारलं, "ह्ये पाणी जातंय कुठवर?"

शाल्मलीनं लॅपटॉपवरच्या निळ्या रेघेवरून बोट खाली नेलं. "आधी लागते आंबेवाडी. त्यांची पिण्याची विहीर ओढ्यालाच लागून आहे."

आप्पांच्या हातातला दोरा सुटला. "आमची शालन तिथंच दिलीया."

त्यांनी त्या रेघेवरून स्वतःचं बोट वर, आपल्या बागेपर्यंत नेलं. मग म्हणाले, "पावसानं समद्यांच्याच बागा धुतल्या असत्याल की, ताई. माझ्या एकट्याच्या पंपानं काय हुतंय?"

"नमुना घेतला त्या दिवशी पाऊस नव्हता, आप्पा."

"मग टाका की पाऊस तुमच्या मशीनीत," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "जरासाच टाका."