दोन तोंडांचा सायलेन्सर

"आवाज कसा हवा?" धाकट्याने विचारलं. गॅरेज त्याचं, गाडी दादाची.

"कसाही चालेल," दादा म्हणाला.

धाकट्याला नवल वाटलं. असला सायलेन्सर बसवायला येणारी पोरं आवाजावरून नुसतं डोकं खातात; अजून घुमू दे, अजून घुमू दे. आणि दादा म्हणजे घरात मिक्सर लागला तरी दार लावून घेणारा माणूस. त्याला एकाएकी दोन तोंडांचा सायलेन्सर हवा होता, तोही आजच्या आज.

जाड नळ्या बाहेर काढायच्या तर मागचा बंपर खालून कापावा लागतो. धाकट्याने चिकटपट्टी लावून खूण केली. दादाने ती काढली आणि बरीच वर, पार उजव्या टोकापर्यंत नेऊन लावली.

"इतकं कशाला? नळीला एवढी जागा लागत नाही."

"असू दे. काप."

धाकटा खाली वाकला. नव्या पट्टीच्या आत बंपर तडकला होता. फटीत हिरव्या सुती कापडाची चिंधी अडकली होती, शिवणीसकट. काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींना कोणीतरी गाडी मागे घेताना पाडलं होतं आणि न थांबता निघून गेलं होतं. धाकट्याची बायको दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होती. शुद्धीवर आल्या की मावशी तिला एकच विचारत होत्या, कोण होतं गं?

"दादा," तो म्हणाला. त्याने चिंधीकडे बोट दाखवलं.

"मला दिसल्याच नाहीत रे त्या," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "घाबरून तसाच निघून आलो. काप तू."

वडील गेल्यावर याच माणसाने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. हातातला कटरसुद्धा त्यानेच घेऊन दिला होता. धाकट्याला त्याची कीव आली आणि स्वतःची किळस. तरी त्याने कापलं. कडा घासल्या, नळ्या बसवल्या, नट आवळले.

दादाने गाडी सुरू केली. गॅरेजचे पत्रे थरथरले. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली, वरच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा गाडीच्या मागच्या बाजूवर होत्या.

दादाचा चेहरा उतरला. "हे सगळे काय बघतायत रे?"

"लोक हे बसवून घेतात ते याचसाठी, दादा," धाकटा म्हणाला.