आठ दिवसांचे सोले

जमुनानं डबा उघडून टेबलावर ठेवला. तुरीचे हिरवेगार सोले, काठोकाठ. एकही चेंबलेला नाई.

"घ्या मॅडम, तुमी देलेला घरचा अभ्यास. रोज वाटीभर शेंगा सोलल्या पोरीनं."

मंजुषा मॅडम राजापेठेत लेकरांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जमुनाच्या घरी हे इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसत नव्हतं. 'हाताच्या मॅडम' म्हणत. दामिनी सहा वर्षांची झाली तरी पेन्सिल मुठीतच धरे, गुंडी मायनंच लावायची. शाळेतल्या बाईनं सांगून टाकलं होतं, असंच राहिलं तर यंदा पहिलीत पाठवू नका. म्हणून दर शनिवारी नांदगाव खंडेश्वरहून एसटी.

मॅडमनं दामिनीची नखं पाह्यली. साफ. मंग जमुनाची. अंगठ्याचं नख काळंकुट्ट.

"जमुनाताई, अभ्यास कोणाचा होता?"

"मंग काय करू वो? थे एका शेंगेले अर्धा घंटा लावते. अन् रिकामा डबा आणला असता तर तुमी काय म्हनलं असतं?"

"आनंदानं घेतला असता." मॅडम हसल्या. जमुनानं त्यांच्यासाठी शेतातून आणलेली शेंगांची थैली त्यांनी दामिनीपुढं ओतली. "आता तुम्ही आपल्या हातांवर बसा."

जमुना खरंच बसली, हात मांड्यांखाली दाबून.

दामिनीनं शेंग मुठीत धरून दाबली. पिळली. दातानं फोडली. जमुनाचे खांदे वळवळले. तिसरी शेंग फाटली अन् आतून जाडजूड हिरवी अळी टेबलावर पडली.

"अगं माय! झटक थे!"

"बोलू नका," मॅडम हळूच म्हणाल्या.

दोन महिने मॅडमनं दोन बोटांनी उचलायला मणी दिले, हरभरे दिले, टिकल्या दिल्या. पोरगी सगळ्यावर मूठच मारे. आता तिनं मूठ उचलली अन् तशीच थांबली. अळी चालत चालत टेबलाच्या काठाले आली, अर्धी खाली लोंबली.

दामिनीची मूठ उघडली. अंगठा पुढं आला. मंग त्याच्या शेजारचं बोट. जीभ बाहेर काढून तिनं चिमटीत अळी धरली, उचलली अन् मायच्या तोंडापुढं नेली.

"पाह्य न माय," ती म्हनली, "मेली नाई."