आईसाठी हीटर

मातृऋण फेडता येत नाही म्हणतात. मी ते दोनशे चाळीस व्होल्टवर फेडायचं ठरवलं.

मुरूडचं घर विकून आई कायमची आमच्याकडे कॅलगरीला आली, तेव्हाच माझ्या बायकोनं, शर्वाणीनं, नियम सांगितला होता. "आई, मासे खुशाल तळा, पण गॅरेजात. कोटांना वास बसला की ऑफिसात कुणी तोंडावर बोलत नाही, फक्त लांब बसतात." उन्हाळ्यात ते निभलं. नोव्हेंबरात पारा उणे अठरावर गेला आणि बाटलीतलं तेल थिजलं.

मग मी तीन आठवडे अभ्यास केला. गॅसचा हीटर घ्यावा तर धुराच्या नळीसाठी भिंत फोडावी लागते. विजेचा छोटा हीटर पायांपलीकडे काही तापवत नाही. शेवटी छताला टांगायचा पाच किलोवॉटचा घेतला आणि भावाला फोन करून तसं सांगितलंही.

हीटर उत्तम चालला. आईनं स्वेटर काढून बांगडे तळले. दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची तिकडे नेली, चौथ्या दिवशी पोथी. आठवड्यानं म्हणाली, "माझं अंथरूणही इकडेच टाक रे. मी आत बसले की शर्वाणी खिडकी उघडते. एवढ्या थंडीत पोरीला त्रास."

"मासे तळलेस म्हणून उघडत असेल."

"सोमवारीही उघडते. सोमवारी मी कुठे मासे करते?"

मी हीटरचं माहितीपुस्तक उघडलं. झोपायच्या जागेत हा हीटर वापरू नये, असं त्यात पहिल्याच पानावर लिहिलं आहे.