उशाशी दिवा

चंद्रपुरात दुपारी बाहेर पडायला बंदी होती, म्हणून मेकॅनिक ऊन उतरल्यावर आला. तोवर नीळकंठराव उकाड्यानं गेले होते.

त्यानं तरीही एसी तपासला. या नव्या एसींतल्या गॅसनं पृथ्वी तापत नाही, पण तो पेट घेतो. त्यामुळे खोलीत ज्योत दिसली तरी यंत्र बंद पडून स्वतःला कुलूप लावून घेतं, आणि ते मेकॅनिकलाच काढता येतं.

"गळती नाहीये, काकू," तो हळू आवाजात म्हणाला. "इथं कापूर पेटवला होता का?"

नवऱ्याला बरं वाटावं म्हणून सकाळी सुमतीबाईंनीच पलंगापाशी आरती ओवाळली होती. तेव्हा नीळकंठरावांनी एकदा एसीकडे पाहिलं होतं, एवढंच.

मेकॅनिकनं कुलूप काढलं. खोली गार होऊ लागली. मुलगा पोचेपर्यंत देह टिकायला हवा होता.

"वहिनी, उशाशी दिवा लावायचा राहिलाय," शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या.

सुमतीबाईंनी वात पेटवली. एसी बंद पडला.

"दिवा आहे तोवर सुरू नाही होणार," मेकॅनिक पुटपुटला.

सगळे ज्योतीकडे बघत राहिले. विझवा, असं कुणालाच म्हणवेना. सकाळी नीळकंठरावांनाही म्हणवलं नव्हतं.