हलकी कॉपी

माझा कॉम्प्युटर जुना आहे. ड्रोनचा व्हिडिओ उघडला की जिना चढल्यासारखा धापा टाकतो. म्हणून मी आधी व्हिडिओची कमी क्वालिटीची हलकी कॉपी बनवतो आणि तिच्यावर काम करतो. हे कुणी शिकवलं नाही, ठेचा खातच शिकलो.

परवा ताईला पाठवायला आमचं घर वरून शूट केलं. आज दुपारी रंग सुधारायला बसलो, तर हलक्या कॉपीत आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

आईला जाऊन दोन वर्षं झाली.

ऊन जरा पिवळं केलं. सगळी गच्ची पिवळी झाली, आईचा निळा स्वेटर मात्र निळाच राहिला. मूळ व्हिडिओ उघडून बघितला. तिथे नुसती दोरी होती.

ताईला फोन केला.

"अरे वेड्या, एकटा राहून राहून डोकं फिरलंय तुझं," ती म्हणाली. "चार दिवस इकडे ये. आणि तो डबा भंगारात घाल आधी."

मी आणखी हलकी कॉपी बनवली. तिच्यात आईने मान वर करून थेट ड्रोनकडे बघितलं.

मग त्याहून हलकी. आता चित्राचे नुसते चौकोन उरले होते, तरी कळत होतं. कपडे अर्धेच वाळत घातलेले होते, गच्ची रिकामी होती, आणि खाली यायच्या जिन्याचं दार उघडं होतं.

तो जिना माझ्या खोलीपाशी संपतो.

मी उठलो आणि दाराची कडी काढून ठेवली.